फिन्टनच्या खांद्यावर दोर होता

१२ जानेवारी

खटला चालणार! सकाळीच ग्रॉन्याचा फोन — आमची वकील. त्यांच्या बाजूचा अर्ज फेटाळला. म्हणे आरोपी म्हातारा, हृदय अशक्त, काही आठवत नाही. न्यायाधीश म्हणाले, चालवा. मी अर्धा सोललेला बटाटा हातात धरून उभी. "डिम्फ्ना, ऐकताय ना?" ग्रॉन्याने दोनदा विचारलं. ऐकतेय गं बाई, ऐकतेय!

रेमंड वॉर्डल. आईला त्याचं नावसुद्धा कधी कळलं नाही. ती जाईपर्यंत 'तो सोल्जर' एवढंच म्हणायची.

दुपारी शेतावर जाऊन कॅथलला, माझ्या मोठ्या भावाला, सांगितलं. गोठ्यात होता. गाईच्या खुराकडे बघतच म्हणाला, "चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो. सोड ना, डिम्फ."

सोड? "फिन्टन तुझा धाकटा भाऊ होता!" मी अशी ओरडले की गाय बिथरली. तो खुरातली घाण काढत राहिला.

माणूस म्हातारा झाला म्हणून खून म्हातारा होतो का?

१३ जानेवारी

दारात अंड्यांचा ट्रे. कॅथल घंटा न वाजवता ठेवून गेला. आमच्या घराण्यात माफी अशी मागतात.

२९ जानेवारी

आज ग्रॉन्याने सगळे कागद वाचून दाखवले, कोर्टात एकदम धक्का बसू नये म्हणून. मला काय धक्का बसणार? पाठ आहे सगळं.

फिन्टन एकोणीसचा. वरच्या वावरात कालवड विणार होती, वासरू अडलं तर ओढायला म्हणून तो दोर घेऊन निघाला. फाटकापाशी ब्रिटिश सैनिकांची गस्त. त्यांनी हाक मारली आणि तो पळाला. पळाला, कारण महिन्याभरापूर्वी त्याच फाटकापाशी त्यांनी त्याचे दोन दात पाडले होते. पाठीत गोळी. सैन्याने सांगितलं, हातात बंदूक होती. पेपरात आलं — 'बंदूकधारी ठार'. ती दोन शब्दांची ओळ घेऊन आई दर रविवारी चर्चमध्ये जायची, मागच्या बाकावर बसायची. आधी आम्ही पुढे बसायचो.

पहिला पोचला तो कॅथल. त्यानेच उचलून आणला. त्या दिवसाबद्दल माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही.

३ फेब्रुवारी

बेलफास्ट. कोर्टाचा पहिला दिवस. ज्युरी नाही, एकच न्यायाधीश. आमच्याकडे उत्तर आयर्लंडात त्या धुमश्चक्रीच्या काळातल्या खटल्यांत तसंच असतं.

वॉर्डलला पाहिलं. मी काय राक्षस येईल असं धरून बसले होते? कानात यंत्र घातलेला बुटका म्हातारा. मुलीने त्याची कॉलर नीट केली. राग येईल वाटलं होतं, दया येईल याची भीती होती. दोन्ही आलं नाही.

कॅथलने गाडी चालवत नेलं, पण आत येईना. दिवसभर पार्किंगमध्ये बसून राहिला!

"थंडीने मेला असतास तिथे."

"रेडिओ होता की."

"रेडिओची काय शेगडी करतोस?"

हसला. किती दिवसांनी.

५ फेब्रुवारी

कीथ अॅकरॉइड आलाच नाही. त्याच गस्तीतला सैनिक, आमचा सगळा खटला त्याच्यावर. ग्रॉन्याचा चेहरा पांढरा. मी जेवले नाही.

६ फेब्रुवारी

आला! आला!! वादळामुळे बोट अडकली होती, बस्स. मी उगाच त्याला काय काय शिव्या घातल्या मनात!

काठी टेकत आला. इंग्लंडातल्या लँकाशायरचा. आवाज इतका बारीक की न्यायाधीशांनी मोठ्याने बोलायला सांगितलं. मग म्हणाला — मोठ्याने — "त्या पोराच्या हातात बंदूक नव्हती. खांद्यावर दोर होता. आम्ही सगळ्यांनी बघितलं. नंतर सार्जंट म्हणाला, बंदूक होती असं सांगायचं. आम्ही सांगितलं."

वॉर्डलचा वकील तुटून पडला. "मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"कुणी विचारलं नाही, साहेब. आणि कुणी विचारत नाही याचंच बरं वाटायचं."

मी तोंडावर हात दाबून धरला. माझ्यासाठी खटला तिथेच संपला. पुढे काय व्हायचं ते होवो.

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला धरून उभा होता. मला बघून म्हणाला, "मी तिथे होतो, बाई. मी त्याला अडवलं नाही." खाली नेऊन चहा पाजला. चार चमचे साखर! निम्मा चहा बशीत सांडला.

परतताना गाडीत कॅथलला सगळं सांगितलं. त्याने गाडी रस्त्याकडेला घेऊन थांबवली.

"तो आपणहून आला?"

"आपणहून."

"म्हणजे कुणी पकडलं नव्हतं त्याला? काही पुरावा नव्हता?"

"नाही रे. स्वतःच पत्र लिहिलं सरकारी वकिलांना."

मग डंगॅनन गावापर्यंत गाडी अगदी हळू चालवली. मला वाटलं फिन्टन आठवला असेल.

१९ फेब्रुवारी

निकाल राखून ठेवलाय. वाट बघणं. खिडक्या पुसल्या, पुन्हा पुसल्या.

२ मार्च

दोषी. सदोष मनुष्यवध.

हे दोन शब्द नीट कानात शिरलेच नाहीत, कारण मी त्याआधीच्या वाक्यावर अडकले होते. न्यायाधीश म्हणाले, "फिन्टन लॉख्रनपासून त्या दिवशी कुणालाही काहीही धोका नव्हता. तो आपल्या वडिलांच्या शेतात, आपल्या कामाला चालला होता." इंग्लंडच्या राणीच्या सैन्याने जे सांगितलं, ते खोटं. भर कोर्टात. नाव घेऊन!

रडले नाही. हसूच येत होतं, वेड्यासारखं. अंगावरून ओल्या लोकरीचा कोट कुणी काढून घ्यावा तसं झालं. इतकी वर्षं तो घालून फिरतेय हे काढल्यावर कळलं.

बाथरूममध्ये वॉर्डलची मुलगी नळापाशी. रडून नाक लाल. माझ्या हातावर पाणी उडालं तर म्हणाली, "सॉरी." मी म्हटलं, असू दे. असूच दे. तिने काय केलंय?

पार्किंगमध्ये कॅथलला सांगितलं. त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग विचारलं, "किती वर्षं बसेल आत?"

"शिक्षा पुढच्या महिन्यात. पण दोनाच्या वर नाहीच. शांतता करारात त्या काळातल्या गुन्ह्यांसाठी तसंच ठरलंय ना, त्यांच्या माणसांना काय नि आपल्या माणसांना काय."

"दोन," तो म्हणाला.

"तुला कमी वाटतात?"

"नाही गं. मी नुसतं विचारलं."

वाटेत चिप्स घेतल्या. व्हिनेगर ठिबकवत गाडीतच खाल्ल्या, पोरांसारख्या.

४ मार्च

दिवसभर माणसं. कुणी हॅम आणलं, कुणी सफरचंदाचा टार्ट. केटल थंड व्हायला सवड नाही. लग्नघर म्हणावं तर लग्नघर!

आणि मिसेस ग्रेसी आल्या. टेकडीपलीकडच्या, ऐंशी उलटलेल्या, त्यांच्या, प्रॉटेस्टंट चर्चच्या. माझ्या दारात त्या कधी आल्याचं आठवत नाही. त्यांचा नवरा आयव्हन ब्रेडची गाडी चालवायचा, आणि शनिवार-रविवारी गणवेश घालून तपासणी नाक्यावर उभा राहायचा, सैन्याच्या राखीव दलात. फिन्टननंतर दोन वर्षांनी चौरस्त्यावर त्याच्या गाडीतच त्याला कुणीतरी गोळ्या घातल्या. कुणी पकडलं गेलं नाही.

माझा हात हातात घेतला. "तुझ्यासाठी बरं वाटलं, डिम्फ्ना. मनापासून. तुझ्या आईने हे बघायला हवं होतं."

मग मलाच रडू फुटलं. बसवलं त्यांना, चहा दिला. विचारलं, "तुमचं कुठवर आलंय?"

"कुठवर येणार? आता शिक्षाबिक्षा कुणाला व्हावी असंही वाटत नाही गं. नुसतं कोण ते कळावं. दुकानात रांगेत उभी असते ना, तर पुढच्या माणसाच्या मानेकडे बघते. हा असेल का? का हा? सगळ्या गावाकडे असं बघत म्हातारी झाले."

कॅथल टेबलापाशी होता. कप ठेवून उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. दार बंदसुद्धा केलं नाही! मी ओशाळले. त्याच म्हणाल्या, "जाऊ दे गं. पुरुषांना असलं ऐकवत नाही."

५ मार्च

आई-बाबांच्या थडग्यापाशी जाऊन आले. आईला सांगितलं, मोठ्याने, कुणी ऐकलं तर ऐको. आता पुढच्या बाकावर बसते बघ मी, म्हटलं. आणि रविवारी बसणार! दोन रात्री गाढ झोप. गोळीशिवाय. सकाळी उठून चक्क गुणगुणत होते.

८ मार्च

बसले पुढे. फादरनी मान डोलावली. पुरे.

कॅथल जेवायला आला. खारवलेलं डुकराचं मांस, कोबी, बटाटे — दोनदा वाढून घेतलं. दाढी केलेली. निघताना म्हणाला, "कुत्री ठेवशील का तुझ्याकडे? गुरांचं शेजारच्या पॅडीला सांगितलंय."

"कुठे निघालास?"

"थोडं बाहेर जायचंय."

जन्मात कधी सुट्टी घेतली नाही याने! "जा की!" म्हटलं. "डोनेगलला जा, समुद्र बघ, आता आपल्याला काय घोर आहे?" त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं काही करत नाही तो कधी. निकालाने माणूस बदलला म्हणायचा. देवा, किती हलकं वाटतंय.

१० मार्च

कॅथलचा फोन. पोलीस ठाण्यातून. आयव्हन ग्रेसीला त्याने मारलं. स्वतः. एकट्याने. सगळं सांगून मोकळा झाला. म्हणाला, "तो इंग्रज म्हातारा काठी टेकत येऊ शकतो, तर मला काय धाड भरलीय?" त्याचा आवाज इतका मोकळा मी फिन्टन गेल्यापासून ऐकला नव्हता.

पोलीस दुपारी टेकडीपलीकडे मिसेस ग्रेसींना सांगायला जाणार आहेत. त्यांच्या आधी मी जातेय. कोट घातलाय.