चोक अर्धाच ओढायचा

अहो,

दूध नासलं आहे, ओतून द्या. बाबांची एक चप्पल शेडमध्ये पडली आहे. चोक अर्धाच ओढायचा असतो. तुमची लाल विलायती गाडी चोरीला गेलेली नाही.

तुमचे बाबा आता बरे आहेत. सकाळी छातीत दुखून त्यांना घाम फुटला, तेव्हा तुम्ही पाहुण्यांना घेऊन नागझिऱ्याच्या जंगलात होता, फोन लागत नव्हता. ॲम्ब्युलन्सला तास लागणार होता. मी बाबांना कसंबसं गाडीच्या त्या बुटक्या सीटवर बसवलं. चोक पुरा ओढून किल्ली फिरवली, गाडी नुसती खोकत राहिली. तेवढ्यात बाबाच ओरडले, "रश्मी, पुरा कायले ओढून राहिली? अर्धा ओढ! पेट्रोल पिऊन बसते ते."

मी अर्धा ओढला आणि गाडी सुरू झाली. आठ वर्षं तिला 'इंग्रजाचं भंगार' म्हणणारा हा माणूस!

गाडी थेट सडक अर्जुनीच्या दवाखान्यापर्यंत धावली आणि फाटकात बंद पडली. वाटेत विचारलं, तर छाती धरूनच म्हणाले, "तो गोंदियाले गेला का मी चालू करून ठेवतो. बॅटरी बसली का पोरगा तोंड पाडून बसते. त्याले सांगू नको."

मी सांगितलं. त्यांचे कपडे आणि आधार कार्ड घेऊन शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवर परत दवाखान्यात चालले. आल्यावर आधी त्यांच्याजवळ बसा, गाडी नंतर बघा.

तुमच्या वाढदिवशी ती एका किल्लीत सुरू झाली होती; आदल्या दिवशी तुम्ही गोंदियाला गेला होता.

रश्मी