अण्णांचं दुपारचं जेवण

अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडल्यापासून पंचाक्षरी मास्तर पलंगावरून उठायलाच तयार नव्हते. त्या दुपारी उशाशी मुलीची चिठ्ठी होती.

‘अण्णा,
मी कामावर गेले. जेवण स्वयंपाकघरात ओट्यावर आहे, वॉकर पलंगाशी ठेवलाय. उठावंसं वाटत नसेल, पण वाटायची वाट बघू नका. आई गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला बीजगणिताला बसवलं होतंत. मन लागत नाही म्हटलं, तर म्हणालात, “मन राहू दे, वही उघड.” मी उघडली होती. सावित्रम्मांना हाक मारू नका.
काव्या’

मास्तरांनी तरीही हाक मारली. शेजारच्या सावित्रम्मा खिडकीशी आल्या आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, “काव्यानं शपथ घातलीया, मास्तर. मी न्हाय येणार.”

तीनच्या सुमारास भूक असह्य झाली, तेव्हा ते उठले. बारा पावलांना अर्धा तास लागला. ताटात कडक भाकरी मुद्दाम अख्खी ठेवली होती. एका हातानं ती मोडेना. शेवटी त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून भाकरीवर ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. भाकरी मोडली. ते उभ्यानंच जेवले.

संध्याकाळी काव्या आली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.