आईची कवळी

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि पोरं मजेत असतील. इकडे सगळं ठीक आहे. दवाखान्यात कवळ्या बनवायचं माझं काम तेच, डोकं वर काढायला फुरसत नाही. बाबांच्या हाताला जरा लागलंय, काळजी करू नकोस.

जरा नाही रे, मनगट मोडलंय. आई गेल्यापासून ते सारखे पडतात. उंबऱ्यात, जिन्यात, एकदा तर सपाट रस्त्यावर. कान तपासले, डोकं तपासलं, कुठे काही निघालं नाही. शेवटी आमच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांना नुसतं चालायला लावलं आणि मला म्हणाले, "जबडा एका बाजूला ओढून धरतायत. मानही तिकडेच जातेय. मग तोल कसा राहणार? कवळी बघ त्यांची."

घरी येऊन त्यांची खालची कवळी हातात घेतली. ती आईची होती. मीच केलेली. पुढचा एक दात तिच्या हट्टापायी किंचित वाकडा बसवला होता, "माझा होता तसाच हवा" म्हणून. बाबांच्या मोठ्या जबड्यात ती सरकत होती. मला वाटलं, कवळ्या ठेवायच्या वाट्यांची अदलाबदल झाली असेल. हसत म्हटलंही, "काय बाबा, दुसऱ्याच्या दातांवर ताव मारताय होय!"

ते हसले नाहीत. म्हणाले, "शेवटी तिला घासही गिळवेना गं. आता तिच्या दातांनी मी जेवतो. तेवढंच तिच्या तोंडात पडतं."

तुमच्या मापाने घासून देते म्हटलं, तर कवळी मुठीत धरून बसले. "तिच्या दातांना कानस लावायची नाही."

मी वैतागले. ती काढून घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं. स्वतःची कवळी घातल्यावर मान सरळ, चाल सरळ. पण जेवण बंद. ताट पुढे सरकवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. शर्ट अंगावर लोंबायला लागला तेव्हा माझा धीर सुटला.

काल कवळी परत दिली. पोटभर जेवले. मग मान तिरकी करून, भिंत धरत हात धुवायला गेले, आणि मी मागे हात पसरून.

तू दर पत्रात विचारतोस, काही हवं का. मी दर वेळी नाही म्हणते. या वेळी म्हणत नाही. मी कामावर असते तेव्हा बाबांच्या मागे कोण चालणार, ते इथे येऊन सांग.

तुझीच,
थकलेली धाकटी