दोन पट्ट्या बसवण्यासाठी रंध्यास कोठडीबाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
मध्यवर्ती कारागृह.

मार्फत : दवाखाना वॉर्डचे हवालदार (वाचावे, पण फाडू नये)

अर्जदार : सुतारशाळेतील बंदी. पूर्वी संगणक दुरुस्तीचे दुकान होते. सध्या दवाखान्यात, खिडकीकडच्या खाटेवर.

लेखनिक : शेजारच्या खाटेवरचा बंदी, ज्यास सर्वजण हिशेबनीस म्हणतात. अर्जदाराचे दोन्ही हात बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टरमध्ये असल्याने तो सांगतो व लेखनिक लिहितो.

विषय : मुलाखत खोलीतील संगणकात मेमरीच्या दोन पट्ट्या बसवण्यासाठी, अर्जदाराची बोटे मोडणारा बंदी रंध्या यास गुरुवारपूर्वी अर्धा तास कोठडीबाहेर काढण्याबाबत.

संदर्भ : १) मुलाखत खोलीच्या दारावरील आपली सूचना, "यापुढे मारामारी झाल्यास पडद्यावरील मुलाखती कायमच्या बंद." २) अर्जदाराची बोटे.

महोदय,

१. मुलाखत खोलीतला संगणक लोखंडी पिंजऱ्यात कुलूपबंद असतो आणि तो एकटा दोन कामे करतो. बंद्यांच्या घरची माणसे महिन्यातून एकदा त्याच्या पडद्यावर दिसतात, आणि त्याच वेळी व्हरांड्यातल्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे तो साठवत असतो. एवढ्या कामाला त्याची मेमरी पुरत नाही. बोलता बोलता समोरचे माणूस थिजते. भिंतीवरचे घड्याळ मात्र चालू राहते, आणि थिजलेला वेळ बंद्याच्या वाट्यातून जातो.

२. हे अर्जदारास पहिल्या दिवसापासून कळत होते, पण तो गप्प राहिला. गिऱ्हाइकाच्या डोक्यात संगणकाचा डबा घातल्याबद्दल तो येथे आला आहे. पुन्हा संगणकाच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही, असे त्याने ठरवले होते. ते रंध्यामुळे मोडले. रंध्या म्हणजे सुतारशाळेत रंधा मारणारा धिप्पाड गडी, नाव त्यावरूनच पडले. त्याची आई पडद्यावर "बाळा, जेवत जा," एवढे म्हणाली आणि तोंड उघडे ठेवून थिजली. रंध्याने दोनदा हाक मारली. मग शांतपणे म्हणाला, "आई गेली." आणि कपाळ पिंजऱ्यावर आपटू लागला. दोन शिपायांनी पाठीवर आणि गुडघ्यांच्या मागे काठ्या घातल्या, तरी त्याने गज सोडले नाहीत. भुवई फाटून रक्त कीबोर्डवर ठिबकू लागले तेव्हा चित्र पुन्हा हलले आणि आई म्हणाली, "वेळेवर." मग तिला रक्त दिसले, आणि वेळ संपली.

३. दुसऱ्या दिवशी टाके घातलेल्या भुवईने रंध्या सुतारशाळेत आला. त्याने अर्जदाराची कॉलर धरली आणि त्याला फळ्यांच्या थप्पीवर दाबून पाय जमिनीपासून सोडवले. "तुझं दुकान होतं ना यंत्रांचं? मग ते नीट कर. नाहीतर तुला नीट करतो." अर्जदाराने मान हलवली, कारण तेवढीच हलत होती.

त्यानंतर सुतारशाळेतल्या सर्वांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढली. महिनाभर कोणी चहा घेतला नाही, साबण घेतला नाही. आपण खरेदीस मंजुरी दिलीत, त्याबद्दल सर्व बंदी आभारी आहेत. पण जमलेल्या रकमेत एकच गोष्ट बसत होती, आणि ती कोणती हे अर्जदाराने ठरवायचे होते. पिंजऱ्याची किल्ली मिळाली नाही. हवालदारांनी फटीतून टॉर्च मारून डब्याच्या मागच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचून दाखवला, तेवढ्यावर पट्टीची जात कळली.

बराकीत बैठक झाली. हिशेबनीस म्हणाला, "पडदा मोठा घ्या. बायको भिंतीएवढी दिसली पाहिजे."

अर्जदार म्हणाला, "मग ती भिंतीएवढी थिजेल."

यावर हिशेबनिसाने जेवणाची थाळी भिरकावली. ती अर्जदाराच्या हनुवटीवर बसली. अर्जदाराने स्टूल उचलले.

(लेखनिकाची टीप : स्टूल लेखनिकाच्या डोक्यात बसले. म्हणून लेखनिक शेजारच्या खाटेवर आहे. पडदा मोठाच हवा होता, हे मत कायम आहे.)

कोणी जुना पण अख्खा संगणक घ्या म्हणाला. भंगारातून उठवलेला तो डबा, त्याचा पंखा बोंबलणार आणि हमी कोणी देणार नाही. कोणी चांगला कॅमेरा सुचवला. अर्जदाराने हनुवटीला फडके लावून सर्वांना सुतारशाळेच्या भाषेत समजावले : "मेमरी म्हणजे बाकडं. आत्ताचं बाकडं पाटाएवढं आहे. त्यावर खिडकीची चौकट मांडता येत नाही. निम्मी मांडायची, निम्मी कोठारात ठेवून यायची. संगणक येरझाऱ्या घालतो तेवढा वेळ चित्र थांबतं. आपण त्याला चौपट बाकडं देऊ."

सर्वांना पटले. पहिल्यांदा रंध्या हसला.

४. (हा परिच्छेद लेखनिकाने आपल्या मनाने घातला आहे. अर्जदार ओरडत आहे, पण हात नसल्याने कागद ओढू शकत नाही.) साहेब, चूक येथे झाली, आणि ती अर्जदाराला अजून दिसत नाही. जे लोक दिवसभर बाकड्यावर उभे असतात त्यांना बाकडे म्हटले की बाकडेच दिसते. पार्सल यायच्या आठवड्यात आम्ही मुलाखत खोलीशेजारची अडगळ काढली. रंध्याने सागाच्या दोन फळ्या तासून चौथरा केला, त्याला चारही बाजूंनी गोलाई दिली आणि कडा पॉलिश केल्या. चौघे जण उचलायला तयार ठेवले होते. अर्जदाराने हे सगळे पाहिले आणि त्याला वाटले, लोक उत्साहात आहेत.

५. पार्सल आले ते साबणाच्या डबीएवढे. शिपायाने ते चौथऱ्याच्या मधोमध ठेवले. आत हिरव्या रंगाच्या दोन पट्ट्या निघाल्या, बोटापेक्षा जरा लांब आणि लाकडाच्या ढलपीएवढ्या जाड. रंध्याने त्या तळहातावर घेऊन वजन पाहिले.

"बाकडं कुठाय?"

"हेच."

"चौपट म्हणालास."

"चौपटच आहे."

मागून कोणीतरी बोलले, "चहा गेला, साबण गेला. ढलप्या आल्या."

अर्जदारास हसू आले. हसायला नको होते. रंध्याने पट्ट्या खाली ठेवल्या, अर्जदाराची मनगटे एका मुठीत धरली आणि बोटे चौथऱ्याच्या गोलाई दिलेल्या कडेवर मांडली. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एकेक बोट खाली दाबले. तो चिडलेला दिसत नव्हता. तोंड काम करताना असते तसे होते, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. प्रत्येक बोटाला टक् असा आवाज झाला. उजवा हात संपवून त्याने डावा घेतला तेव्हा त्याचा कान अर्जदाराच्या तोंडाशी आला. अर्जदाराने कानाची पाळी तोडली. तुकड्याबाबत डॉक्टरांनी विचारणा केली होती. तो मिळणार नाही, अर्जदाराने गिळला आहे.

त्यापुढे सगळी शाळा अर्जदारावर पडली. पट्ट्या चौथऱ्यावरून जमिनीवर सांडल्या होत्या. अर्जदार त्यांच्यावर पालथा झाला आणि काठ्या येईपर्यंत लाथा पाठीवर घेतल्या. दोन बरगड्या गेल्या, रंध्या कोठडीत गेला. पट्ट्या शाबूत आहेत.

६. आता मूळ विनंती. पट्ट्या अर्जदाराच्या उशीखाली कापसात गुंडाळलेल्या आहेत, आणि पलीकडे संगणक आहे तसाच आहे. गुरुवारी मुलाखतीचा दिवस. त्या दिवशी चित्र थिजले तर खोलीत काय होईल हे आपणास माहीत आहे, आणि मग दारावरच्या सूचनेप्रमाणे सुविधा कायमची बंद होईल. बाहेरचा कारागीर बोलवायला वर्गणीत काही उरलेले नाही. हवालदारांनी "जळलं तर माझ्या पगारातून" म्हणून हात जोडले. लेखनिकाचे हात कापतात.

(लेखनिकाची टीप : स्टुलापासून.)

हे काम रंध्याचे आहे. पट्टीच्या खालच्या अंगाला एक खाच असते, ती एकाच बाजूने बसते. हातोडा चालत नाही, घासून चालत नाही. बोटांनी खाच चाचपायची, पट्टी सरळ उभी धरायची आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यायचा, मग कडेच्या खुंट्या आपोआप मिटतात. फळीची जीभ फळीच्या खोबणीत एका दमात बसवणारा या कारागृहात दुसरा माणूस नाही. खोबणीत जीभ अडली तर तो जोर लावत नाही, काढून बघतो. हे अर्जदाराने स्वतः पाहिले आहे. माणसांशी तो तसा वागत नाही, हेही पाहिले आहे. पट्टीला हात लावण्याआधी अंगातली वीज उतरवण्यासाठी लोखंडाला हात लावावा लागतो. ते येथे मुबलक आहे.

अर्जदार स्टुलावर बसून सांगेल, रंध्या करेल. मध्ये शिपाई उभा असावा आणि पिंजऱ्याची किल्ली त्याच्याकडे असावी. किती जोर लावायचा, हे समजावण्यात वेळ जाणार नाही. पट्टी बसताना जो टक् आवाज येतो, तो दोघांनीही ऐकला आहे. बोटांना लावला त्याच्या निम्मा जोर पुरे.

रंध्याची तयारी आहे. कोठडीकडे झाडू मारणाऱ्या बंद्याबरोबर त्याने निरोप दिला, तो शब्दशः असा : "त्याला सांग, मला बाकडं म्हणजे बाकडंच वाटलं. येतो मी. आणि कान ठणकतोय."

सोबत जोडले आहे : मेमरीच्या पट्ट्या दोन (उशीखालीच आहेत, मागितल्यास दाखवू). दवाखान्याचा कागद एक, ज्यात बोटांची नावे आहेत. (यादी मध्येच आली, कारण लेखनिकाला वाटले अर्ज संपला. अर्जदार म्हणतो, संपलेला नाही.)

७. आपण विचाराल, ज्याने हात मोडले त्याच्यासाठी हा अर्ज का. अर्जदाराने हे लेखनिकाला दोन वेळा खोडायला लावले आणि तिसऱ्यांदा लिहायला सांगितले.

अर्जदाराची मुलगी तो आत आल्यावर जन्मली. तिने बाप पडद्यावरच पाहिला आहे. येथे चित्र थिजते तसा तिकडे अर्जदारही थिजतो, कधी येथले चित्र चालू असतानाही. मागच्या मुलाखतीत बायको म्हणाली, "तुला बाबा म्हणते ती. कॅलेंडरवरच्या माणसालाही बाबाच म्हणते. तू थांबलास की हातातल्या चमच्याने फोनवर मारते, हलावंस म्हणून." तेवढ्यात मुलीने चमचा उचलला. अर्जदार पाहत होता. त्याने मान बाजूला घेतली, हसून घेतले, "लागलं, लागलं" म्हणाला. पण तिकडे तो थिजलेलाच होता. तिला मान हललेली दिसली नाही, शब्द ऐकू आला नाही. तिने पुन्हा मारले, आणि पुन्हा. चित्र सुटले तेव्हा बायकोच्या फोनची काच तडकलेली होती आणि मुलगी दुसरीकडे बघत होती.

अर्जदारास अनेकांनी मारले आहे आणि त्यानेही मारले आहे. त्याबद्दल या अर्जात काही मागणे नाही. गुरुवारी मुलगी चमचा उगारेल, तेव्हा अर्जदाराने मान बाजूला घेतलेली तिला दिसावी, एवढ्यासाठी रंध्यास अर्धा तास सोडावे.

आपल्या कुलपाआडचा, आज्ञेत राहू पाहणारा,

(अर्जदाराच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचा ठसा)

दिनांक : सोमवार, सकाळच्या हजेरीनंतर