विमान उलाळ झालं

सास्तूर, रविवार, दिवेलागणीला

चाकांचा गोंद वाळला म्हणून प्लॅस्टिकचं विमान टेबलावर उभं केलं, तर ते मागं कलंडून शेपटीवरच बसलं. पुढचं चाक हवेत. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसलं. खोक्यातला कागद काढून बघितला, तर नाक जोडायच्या आधी आत वजन भरा, असं चित्रासकट दिलेलं. मी ते वाचलंच नव्हतं का? आणि हेच ते नाक, ज्याचा सांधा दिसतो म्हणून मी महिनाभर पुट्टी भरून घासत बसलो. आज कुठं गुळगुळीत झालं होतं.

बायको चहा घेऊन आली, हवेतल्या चाकाकडं बघत म्हणाली, "सकाळी कडबा भरताना गड्यावर वरडत होता की तुमी, मागं लई भरू नको, गाडी उलाळ होईल, जू वर उचलंल. मग हे काय केलं?" तिनं कणकेची गोळी आणून नाकावर चिकटवली. चाक टेकलं. लई राग आला.

आता वजन आत घालायचं तर नाक कापण्यावाचून इलाज न्हाय. माझं तर बायकोनं आज कापलंच आहे, उद्या विमानाचं.