ज्वारीची ओळ

सोमवार, १३ ऑक्टोबर १९५८. पहिली माळ.

घट बसवला. वावरातली काळी माती मीच आणली, चाळली, टोपलीत पसरली. आमच्या घरात घटाची धान्यं मिसळत नाहीत. गहू, हरभरा, करडई, ज्वारी — प्रत्येकाची वेगळी ओळ. नवव्या माळेपर्यंत जी ओळ जोरात येईल ते पीक त्या साली जास्त पेरायचं, ही आज्यापासूनची रीत. शेजारपाजारचेही बघायला येतात.

माती दाबता दाबता लेक अयोध्या म्हणाली, "आबा, ह्ये बी देवी उगवती का आपोआप उगवतं?"

बारा वर्षांची पोर! म्हटलं, देवीच्या सत्तेनं.

"गुंडाप्पा गुरुजी म्हणाले, बियाला ओल, ऊब अन् हवा लागती. देवीचं नाव न्हाय घेतलं त्यांनी."

तिची आई पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. आमच्या वेळी शाळा उर्दूतली, छडी दणकट — विचारायची सोयच नव्हती. ही विचारते. चांगलंच आहे. पण सुरुवात घरातल्या देवीपासनं!

"अन् न्हाय उगवलं तर देवी न्हाय, असं धरायचं का?"

तोंडातून निघून गेलं — "धर!"

बुधवार, १५. तिसरी माळ.

आरतीला अयोध्या उभी राहते. टाळ्या वाजवते. तोंड मिटलेलं.

गुरुवार, १६. चौथी माळ.

गहू बोटभर झाला. हरभऱ्यानं माती फोडली. करडईही दिसते. ज्वारीची ओळ कोरी! एक कोंब नाही.

पोर सकाळ-संध्याकाळ टोपलीपाशी वाकते, बघते, उठून जाते. काही बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. "धर" म्हणणारा मीच. एका शब्दावर देवी डावाला लावली — मला कुणी अधिकार दिला होता?

शुक्रवार, १७. पाचवी माळ.

लिहायची लाज वाटते. पण इथंही लिहिलं नाही तर कुठं?

दुपारी घरात कुणी नव्हतं. ही रानात, अयोध्या शाळेत. गोठ्याच्या भिंतीकडेला सांडलेली ज्वारी पावसानं उगवली आहे. त्यातली पंधरा-वीस रोपं मातीसकट उचलली आणि घटात लावली. पाणी शिंपडलं. सबंध वेळ देवीच्या चांदीच्या टाकाकडं पाठ करून बसलो होतो, हे नंतर ध्यानात आलं.

पोरीचा विश्वास राहावा म्हणून केलं. असं मनाला सांगतो आहे.

शनिवार, १८. सहावी माळ.

"आबा, गहू पिवळा पडला अन् ज्वारी हिरवीगार. दोघंबी देवघरातल्या एकाच अंधारात हायेत की!"

मी म्हटलं, "देवीची माया."

माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "लई मोठी माया हाय मग."

रविवार, १९.

पूजेत मन लागलं नाही.

सोमवार, २०. आठवी माळ.

दिवेलागणीला लिंबाजी आला. शेजारचं वावर त्याचं, लहानपणापासूनचा सोबती. टोपलीपाशी बसला अन् मांडीवर थाप मारली — "बघा! यंदा ज्वारीच! रान वाफशावर आलंय, ओल पेरणीजोगी हाय, दसरा झाला की तिफण धरतो."

लिंबाजीनं आणि आणखी पाच घरांनी यंदा बी माझ्याच पेवातनं, धान्य साठवायच्या खड्ड्यातनं, नेलं आहे. टोपलीतलं बीही त्याच पेवातलं — आणि ते मेलेलं आहे! पेवात ओल शिरली असणार. चार दिवस मला देवीची अब्रू तेवढी दिसत होती. बी दिसलंच नाही. सहा घरांची रानं मोकळी राहतील, आणि ती माझ्या हातानं.

सांगितलं तर पोरीपुढं देवीही जाते, बापही जातो. नाही सांगितलं तर सहा घरं.

मंगळवार, २१. नववी माळ.

सांगितलं.

आरती झाल्यावर लिंबाजीला थांबवलं. अयोध्येला म्हटलं, तूही बस. तिची आई उभीच होती. म्हटलं, ज्वारी उगवलीच नव्हती. ही रोपं गोठ्यापासची. मी लावली. बी खराब आहे, पेरू नका.

आधी हिचाच आवाज फुटला. "नऊ दिवस उपास म्या धरला, अन् तुम्ही देवीलाच शेंडी लावली व्हय!"

लिंबाजी डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी देवीनं आपलं काम केलं हुतं की. सांगितलं हुतं, ह्ये बी पेरू नगा. तुम्हीच तिच्या तोंडावर हात ठेवला."

पन्नाशी गाठत आली. रोज पोथी वाचतो. ही गोष्ट लिंबाजीनं सांगावी!

अयोध्येकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती. मी म्हटलं, "मी धर म्हणालो ते चुकलं. देवी अशी पैजेत लावायची नसते." उठली, गोणपाटाचा तुकडा भिजवून आणला, पेवातल्या ज्वारीचे वीस दाणे त्यात गुंडाळले. "बघू तरी," एवढंच.

बुधवार, २२. दसरा.

फेट्यात खोवायला अयोध्येनं गव्हाचा तुरा आणून दिला. ज्वारीची रोपं तिनंच काढून परत गोठ्यापाशी लावली आहेत. पाचही घरी स्वतः जाऊन आलो. एकानं तोंडावर ऐकवलं. ऐकून घेतलं. बाकीच्यांनी चहा पाजला. जड पायांनी गेलो होतो, येताना हलकं वाटलं.

शनिवार, २५.

गोणपाट उघडलं. विसांत दोन! तेरखेड्याला लिंबाजीचा मेव्हणा आहे. त्याच्याकडचं बी बैलगाडीनं आलं. सहाही घरांना आणि आम्हालाही पुरेल. त्यातलेही वीस दाणे अयोध्येनं परवाच त्याच्याकडनं मागवून भिजत घातले होते. एकोणीस फुटले. सांगायला पळत आली — असा चेहरा तिचा मी घटापुढं कधी बघितला नव्हता. म्हटलं, हीसुद्धा पूजाच. "असू द्या," म्हणाली.

रविवार, २६.

आज पेरलं. मी तिफण धरली, अयोध्या चाड्यात बी सोडत होती. तिसऱ्या ओळीला म्हणाली, "आबा, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी आले हुते. तुम्ही रोपं काढताना मी कडब्याच्या गंजीआड हुते."

मी बैल थांबवले. "मग चार दिवस बोलली का नाहीस?"

"देवी हाय का न्हाय, बघत हुते. असली तर तुमच्या तोंडून खरं काढील, म्हटलं."

"अन्?"

"काढलं की! हाना बैलं, ऊन चढतंय."