बेचाळीस सेंट

३ जून
आज पेढीवर हिरे तोलायच्या काट्यावर बसवलं! महिनाभर नुसत्या पुड्या बांधत होते. वजन करणारे काका म्हणाले, "पंखा बंद. काचेचं दार लावल्याशिवाय आकडा वाचायचा नाही." एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा, त्याचे पुन्हा शंभर सेंट. मी नेमकी शिंकले. हिरा जागेवर होता, काकांचा जीव नव्हता!

५ जून
ताईला सांगावंसं वाटलं. आठ वर्षं बोलणं नाही, तरी काही घडलं की पहिली तीच आठवते.

९ जून
दोन हिरे समोर. न तोलताच म्हटलं, "हा मोठा." काका हसले. "तो पसरट आहे, खालून उथळ. हा बघ, तोंड लहान, पोट खोल. कॅरट म्हणजे वजन गं बाई, रुंदी नव्हे!" काट्यानं त्यांचंच खरं केलं.

घरी येईपर्यंत डोक्यात आईची कानातली. ती गेल्यावर आम्ही बहिणींनी एकेक घेतलं. ताईचा हिरा रुंद, माझा बारका. "मोठा बरा तुलाच मिळाला!" चारचौघांत बोलले मी. बारका पुढे करत ती एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठी निवडून ठेवलाय, घे." मला टोमणा वाटला. तेव्हापासून अबोला.

१० जून
माझा हिरा सुटा करवून तोलला. बेचाळीस सेंट. ताईचा किती असेल? कुठल्या तोंडानं विचारू?

१७ जून
दुपारी काकांनी पाकीट पुढे सरकवलं. आत एकच कानातलं. फिरकीला आईनं गुंडाळलेला लाल दोरा — तसाच! "लेकीच्या लग्नात द्यायचंय म्हणे. जोड शोधायची असणार."

म्हणजे भाचीचं लग्न. शेवटची पाहिली तेव्हा माझ्या खांद्याएवढी होती. आणि ताईला जोड बाहेरून हवीय. माझ्याकडची नको. बरोबरच आहे.

हिरा काढून काट्यावर ठेवला. अडतीस. पुन्हा ठेवला. अडतीसच. जड हिरा आठ वर्षं माझ्याकडेच! पाणी प्यायला म्हणून उठले आणि मोरीत तोंड धूत बसले. ताई, एकदा ओरडून तरी सांगायचं होतंस गं.

१८ जून
पाकिटाच्या तळाशी चिठ्ठी राहून गेली होती. ताईचं अक्षर —
"जोड शोधू नका. बेचाळीस सेंटची आहे, तेव्हा मीच तोलून दिली होती. कळलं, तुमच्याकडे वजन करायला माझी बहीणच बसते, तिच्याकडेच आहे. तिला म्हणावं, रविवारी घेऊन ये. मावशीशिवाय लग्न लागणार नाही."